पांडूची शिफारस घेऊन म्हैसूरला

म्हैसूरला माणसं राजवाडा बघायला जातात, रेशमी साड्या घ्यायला जातात. मी आणि माझी बायको नलू मिरजेहून म्हैसूरच्या गाडीत बसलो ते एका अनोळखी बाईंना त्यांचा मुलगा फार गुणी आहे, हे सांगायला. समोरच्या बाकावरच्या गृहस्थांनी "देवदर्शनाला का?" असं विचारलं, तेव्हा मी खरं ते सांगून टाकलं. त्यांनी थोडा वेळ माझ्याकडे बघितलं आणि मग वर्तमानपत्र उघडून तोंडासमोर धरलं.

तुम्हीही तसंच करण्याआधी मागचं थोडं सांगतो.

गेल्या हिवाळ्यात आमच्या मुलीने हट्टाने आम्हाला समुद्रसफरीला पाठवलं. जन्म सांगलीत काढलेली माणसं आम्ही; पाणी म्हणजे कृष्णेचं, आणि तेही घाटाच्या पायऱ्यांवरून बघायचं. जहाजावर चढून केबिनचं दार उघडलं, तर पलंगावर एक पांढराशुभ्र हत्ती बसलेला. सोंड वर, कान पसरलेले. नलूने चटकन हात जोडले.

"अय्यो काकू, तो टॉवेल आहे," मागून आवाज आला. "अंग पुसायचं त्याने."

हा आमच्या केबिनचा अटेंडंट, पांडुरंग. छातीवरच्या पट्टीवर फक्त 'पांडू'. वय तिशीच्या आतबाहेर, म्हैसूरचा, आणि घरी बोलणं मराठी. कित्येक पिढ्यांमागे तिकडे गेलेल्या विठ्ठलभक्त शिंप्यांच्या घरातला. त्याच्या मराठीत मधूनच एखादा कन्नड शब्द डोकं वर काढायचा, पण भर समुद्रात कुणी 'काकू' म्हणून हाक मारली की व्याकरण कोण बघतो! नलूने त्याला तिथल्या तिथे घरातला करून टाकलं.

आणि तिथेच सगळं अडलं. घरातल्या मुलाकडून आपली चादर कशी झटकून घ्यायची? नलू रोज पहाटे उठून पलंग नीट घालायची, वॉशबेसिन घासायची, मला खुर्चीवरून उठवून खुर्चीसुद्धा पुसायची. शेवटी पांडू हात जोडून दारात उभा राहिला. "काकू, दया करा. तुमी चादर घातली की आमचा सुपरवायझर म्हणतो, पांडू ह्या रूममध्ये आलाच न्हाई." मग नलूने काम सोडलं, पण हत्ती मोडायला काही ती तयार होईना. हत्तीमागून हंस आला, हंसामागून माकड. सगळे सोफ्यावर रांगेने बसवलेले, आणि मी सांगलीहून आणलेल्या पंच्याने अंग पुसतोय.

सफरीच्या शेवटच्या दिवशी जहाजावर एक रीत असते. लोक आपापल्या केबिनच्या अटेंडंटला बक्षिसीचा लिफाफा देतात. आम्हीही लिफाफा तयार ठेवला होता. पांडूने तो बघूनच हात मागे घेतले.

"शेजारच्या केबिनचा घेतला की मी," तो म्हणाला. "घेतो, का न्हाई घ्यायचा? पण तुमाला काकू म्हणतो. आता कसा घेऊ? सुपरवायझरचं कार्ड असतं, त्याच्यावर माझ्या नावाने चार चांगले शब्द लिहा. बेडा (नको) दुसरं काही."

मी कार्ड भरभरून लिहिलं. कचेरीत आयुष्यभर दुसऱ्यांचे गोपनीय अहवाल लिहिलेला माणूस मी, पण इतक्या मनापासून कधी लिहिलं नव्हतं. पांडूने ते वाचलं. नंतर उगाचच उशी सरळ करत म्हणाला, "हे सुपरवायझर वाचणार. आमची आई कुठे वाचणार?"

मग त्याने सांगितलं. वडील नाहीत. आई शिवणाचं दुकान चालवते. मुलगा जहाजावर काय काम करतो हे तिला ठाऊक आहे, त्याने काही लपवलेलं नाही, पण तिला ते पटत नाही. शिंप्याच्या मुलाने लोकांची अंथरुणं घालत फिरायचं, हे तिच्या मनाला लागतं. या खेपेला रजेवर घरी आला की मामा त्याला म्हैसूरजवळच्या कडकोळच्या कारखान्यात चिकटवणार, असं आई आणि मामांचं ठरलंय.

"मला परत यायचंय, काका," तो म्हणाला. "हे काम मला आवडतं. पण आईला दुखवून न्हाई येणार मी. तुमी जे लिहिलंय ते तिला तोंडी सांगाल का?"

"सांगू की," नलू म्हणाली. मला वाटलं, फोनवर. नलूला वाटलं होतं, घरी जाऊन. त्याची रजा जवळ आली तशी तिने तिकिटंच काढली.

गाडीत रात्रीच्या जेवणाआधी आमची तालीम झाली. काय बोलायचं, काय गाळायचं. "बाथरूमचं काढायचं नाही," नलूने बजावलं. "आणि तुम्ही लांबण लावायची नाही."

सकाळी म्हैसूरला उतरलो. रस्ते रुंद, झाडं रुंद, माणसं निवांत. स्टेशनाबाहेर मोगऱ्याचे गजरे विकणाऱ्या बाईनेसुद्धा 'घ्या' म्हणून हाका मारल्या नाहीत. तिला खात्री असावी की कधी ना कधी कुणी तरी घेईलच. रिक्षावाल्याने राजवाड्यावरून नेलं आणि 'बघा' म्हणून वेग कमी केला. नलूने घड्याळ बघितलं. बिचाऱ्याने मुकाट्याने वेग वाढवला.

पत्ता सोपा होता: विठ्ठलाच्या छोट्या देवळामागची गल्ली, 'लेडीज टेलर' अशी पाटी. गल्लीत शिरलो तर दर दुसऱ्या दारावर तीच पाटी. सगळीकडे मशिनी घरघरताहेत, दारांत अस्तराच्या कापडाची बोचकी. पहिल्याच दुकानात पन्नाशीच्या एक बाई काज करत बसल्या होत्या. नमस्कार झाले. त्यांनी मराठीत "या, बसा" म्हटल्यावर मला राहवलं नाही. उभ्याउभ्याच मी तालमीतलं भाषण सुरू केलं: तुमचा मुलगा किती नम्र, किती टापटिपीचा, असा मुलगा पोटी यायला पुण्याई लागते. बाई सुई हातात धरून शेवटपर्यंत ऐकत राहिल्या.

"मला दोन मुली आहेत," त्या म्हणाल्या. "तुमी म्हणता तो पांडू. सुशीलक्काचा. तिकडे, निळं दार. पण छान बोलता हं तुमी."

नलू निळ्या दारापर्यंत माझ्याशी बोलली नाही.

सुशीलाताई दारातच उभ्या होत्या. ठेंगणी, सडसडीत बाई, गळ्यात मोजमापाची टेप. पांडूने फोन करून ठेवला होता. पुढे दुकान, मागे घर, मधे पडदा. आम्ही लॉजवर उतरणार आहोत हे मी म्हणायचा अवकाश, पांडूचे मामा आमची बॅग उचलून पडद्यामागे गेलेसुद्धा. मामा म्हणजे सुशीलाताईंचे धाकटे भाऊ, उंचेपुरे, कडकोळच्या त्या कारखान्यात फोरमन. आज मुद्दाम रजा काढून बसले होते. म्हणजे विरुद्ध बाजूचा वकील हजर होता.

मी घसा साफ केला. "आधी तिंडी (न्याहारी)," सुशीलाताई म्हणाल्या. "उपाशी माणसाचं आमी ऐकत न्हाई."

तिंडी म्हणजे अक्की रोट्टी, तांदळाच्या पिठाची जाडसर भाकरी, तिच्यात कांदा, कोथिंबीर आणि ओलं खोबरं, सोबत चटणी. मी 'पुरे' म्हटलं की त्यांना ते मराठी कळायचं नाही. 'साकु' (पुरे) म्हटलं तर त्या हसून आणखी एक वाढायच्या. पोट असं गच्च भरल्यावर भाषणातलं निम्मं मी विसरलो. दुकानात एक बाई ब्लाउजचं माप द्यायला आली होती. तिचं माप घेता घेता सुशीलाताई म्हणाल्या, "आता सांगा, काय करतो आमचा पांडू?"

मी सांगू लागलो. सकाळी हसतमुख येतो, चादर अशी घालतो की सुरकुती दिसायची नाही, वस्तू जिथल्या तिथे ठेवतो.

सुशीलाताईंची टेप थांबली. "कोण? पांडू?"

"हो. आणि बाथरूम तर असं लखलखीत..." नलूचा पाय माझ्या पायावर पडला, पण शब्द सुटून गेला होता.

"बाथरूम!" सुशीलाताई भावाकडे वळल्या. "इथे शर्ट काढला तर जमिनीवर टाकायचा कणरी (बघा)! खुंटी दोन हातांवर. किती वर्षं ओरडले मी! आणि तिकडे परक्यांची बाथरूम लखलखीत करतो?"

माप देणारी बाई हात वर धरूनच म्हणाली, "सुशीलक्का, लग्न झालंय का हो त्याचं? माझ्या नणंदेची मुलगी आहे."

गाडी रुळावरून घसरतेय हे मला दिसत होतं. मी शेवटचा जोर लावला. "ताई, असा मुलगा लाखात एक. तो ज्या घरात असेल ते घर भाग्यवान!"

"अल्वा (होय ना), अक्का!" मामांनी मांडीवर थाप मारली. "हेच तर मी म्हणतो. असा मुलगा घरातच पायजे. पाण्यावर कशाला?"

सुशीलाताईंनी मान हलवली. "पटतं मला. इतका चांगला झालाय, तर आता न्हाईच सोडायचा."

एवढ्या लांब येऊन, एवढं खाऊन, मी पांडूची शिफारस अशी केली होती की त्याची परतीची वाट पक्की बंद झाली. गिऱ्हाईक गेल्यावर नलू पडद्यामागे मला म्हणाली, "आता तुम्ही तोंड उघडायचं ते फक्त जेवायला."

दुपारी मामा म्हणाले, "चला, तुमाला म्हैसूर दाखवतो." गाडीत बसताना मला वाटलं, राजवाडा, टेकडी, निदान बाजार. मामांनी गाडी नंजनगूडच्या रस्त्याला लावली. नारळाची झाडं, भाताची खाचरं, मधे मधे मोठाले ट्रक, आणि मग कडकोळच्या कारखान्यांच्या भिंती. एका हिरव्या फाटकासमोर मामांनी गाडी थांबवली. रखवालदाराने त्यांना सलाम ठोकला.

"हे बघा," मामा म्हणाले. "इथे लागेल तो. बस दारापर्यंत येते. कँटीनचं जेवण चांगलं. संध्याकाळी घरी."

आम्ही फाटक बघितलं. नीट बघितलं, कारण मामा आमच्या चेहऱ्याकडे बघत होते. म्हैसूरला जाऊन राजवाडा न बघता कारखान्याचं फाटक बघून आलेले आम्हीच असू. नलूने शिष्टाचार म्हणून त्याचा फोटोही काढला.

मग मामा जरा हळू आवाजात बोलू लागले. "आमचे भावोजी गेले तेव्हा पांडू शाळेत होता. अक्काने एकटीने मशीन चालवली. ती बोलत न्हाई, पण जहाज म्हटलं की तिला झोप लागत न्हाई. वारा सुटला तरी फोन करते मला, समुद्रात काय होत असेल म्हणून. मी काय वाईट सांगतो का?"

नाही, वाईट काहीच नव्हतं त्यात. आणि खरं सांगतो, त्या फाटकासमोर मला मामांचंच पटायला लागलं. माझी मुलगी परदेशात असते. वारा सुटला की मीही उठून बसतो. मी तसं काही बोलेन या भीतीने नलूने घाईघाईने नंजनगूडची केळी घ्यायला सांगितली. छोटी, रसाळ, आंबटगोड केळी. परतताना तिघेही केळीच खात होतो.

संध्याकाळी दिवेलागण झाली. सुशीलाताईंनी देवाला दिवा लावला, दोन अभंग म्हटले, आणि पुन्हा मशिनीवर बसल्या. माझं तोंड बंद होतं, म्हणून नलूने मोबाईल काढला. बोलली काहीच नाही. फक्त जहाजावरचा हत्तीचा फोटो त्यांच्यासमोर धरला.

"हे काय, आने (हत्ती)?"

"टॉवेल आहे," नलू म्हणाली. "पांडूने केलाय. रोज एक करायचा. मला मोडवत नव्हता."

सुशीलाताईंनी चष्मा लावला. नलूने फोटो बोटांनी मोठा करून दिला. त्यांनी सोंड बघितली, पाय बघितले, आणि कानापाशी थांबल्या. कान किती तरी वेळ बघत राहिल्या. मशिनीवरचा त्यांचा पाय थांबला होता.

"हा कान," त्या म्हणाल्या, "कॉलर उलटून काढतात ना, तसा काढलाय. आत बोट घालून टोक बाहेर. हे आमच्या दुकानातलं आहे."

मामाही पुढे वाकले.

"ह्यांचं आहे हे," सुशीलाताई म्हणाल्या. ह्यांचं म्हणजे पांडूच्या वडिलांचं. "बायका माप द्यायला यायच्या, कडेवर लेकरं. लेकरू रडायला लागलं की हे कापडाचा तुकडा घ्यायचे, घडी घालायचे, उंदीर करायचे. ससा करायचे. पांडू त्या टेबलाखाली बसून बघायचा. मी ओरडायची, सुम्मने (उगाच) कापड चुरगळू नका म्हणून." त्यांनी चष्मा काढला आणि पदराने पुसला. "मला वाटलं, ते सगळं ह्यांच्याबरोबर गेलं."

नलूने त्यांच्या हातावर हात ठेवला. मी मामांकडे बघितलं. ते पंख्याकडे बघत होते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते चटणीचं नव्हतं. सुशीलाताईंनी नलूच्या ब्लाउजचं माप घेतलं, मला आग्रहाने आणखी भात वाढला, आणि आम्हाला झोपायला पाठवलं. अंथरुणावर पडल्यावर मी विचारलं, "काय वाटतं?" नलू म्हणाली, "काही कळत नाही. झोपा."

सकाळी मी अंघोळ करून खोलीत आलो आणि दारातच थबकलो. आमचं अंथरूण झटकून सारखं केलेलं होतं. चादरीवर सुरकुती नव्हती. उशा सरळ. आणि मधोमध एक हत्ती बसला होता.

तो लाल काठाच्या पातळ पंच्याचा होता. पाय जरा फाकलेले, एक कान मोठा, एक लहान. सोंड वर करण्याचा बराच प्रयत्न झालेला दिसत होता, पण ती खाली पडली होती. मी नलूला हाक मारली. ती आली, बघितलं, आणि सवयीने पुन्हा हात जोडून मोकळी झाली.

चहा घेऊन सुशीलाताई मागोमाग आल्या. हत्तीकडे बघून त्यांनी नाक मुरडलं.

"सोंड उभी राहत न्हाई," त्या म्हणाल्या. "पहाटेपासून बघते. आमचा टवेल पातळ, त्याला अंग न्हाई. जाड पायजे. पांडूला सांगा, पुढच्या खेपेला जहाजावरून येताना दोन जाड टवेल घेऊन ये म्हणावं."

"सांगतो," म्हणून मी चहाचा घोट घेतला. नलूचा कप मात्र ओठांपाशीच थांबला.

"पुढच्या खेपेला?" तिने विचारलं.

"मग? आता येतो त्या खेपेला कसा आणणार? सामान बांधून झालं असेल त्याचं." त्यांनी हत्तीचा लहान कान ओढून मोठा केला. "मामाला मी सांगते. फाटक कुठे पळून जात न्हाई. आणि वारा सुटला की माझा फोन उचल म्हणावं, रात्र असो की काही असो. मामाला उठवण्यापेक्षा त्यालाच उठवते."

निघताना नलूने त्यांची ओटी भरली. सांगलीची हळद, बेदाणे, साडी, नारळ. पांडूने न घेतलेला लिफाफा असा आईच्या ओटीत घालायचा, हा तिचा बेत होता. तो फसला. कारण सुशीलाताईंनी तिची ओटी भरली ती आमच्यापेक्षा मोठी. वर रात्रीच शिवून ठेवलेला ब्लाउज, चटणीच्या पुडीचा डबा, केळ्यांचा फणा, मोगऱ्याचा गजरा. मामांनी स्टेशनावर म्हैसूरपाकाचा खोका डब्यात ढकलला तेव्हा गाडी हलली होती, म्हणून परतही देता आला नाही. पहिल्या दुकानातल्या दोन मुलींच्या आईसुद्धा गल्लीच्या तोंडाशी येऊन "पुन्हा या, बोलायला," असं म्हणून गेल्या होत्या. शिफारस करायला गेलेली माणसं एवढी लादून परत येताना मी तरी बघितलेली नाहीत.

राजवाडा राहिला तो राहिलाच. गाडीच्या खिडकीतून मी म्हैसूर मागे जाताना बघत होतो आणि मला सारखं वाटत होतं की त्या कार्डावर मी एवढं लिहिलं, दुकानात एवढा बोललो, आणि त्यातलं काहीसुद्धा उपयोगी पडलं नाही. उपयोगी पडला तो एका टॉवेलचा कान. नलूला हे सांगितलं तर ती म्हणाली, "तरी मी म्हणत होते, बाथरूमचं काढू नका."

घरी पोचल्यावर बऱ्याच खटपटीनंतर पांडूचा फोन लागला. जहाज कुठल्या तरी बंदरात उभं होतं.

"काका! काय म्हणाली आई?"

"दोन जाड टॉवेल आण म्हणाली," मी सांगितलं. "सोंड उभी राहत नाही तिची."

"काय?"

"हत्तीची. आणि आता नको म्हणाली. पुढच्या खेपेला आण म्हणाली."

फोन कट झाला असं वाटून मी 'हॅलो, हॅलो' करत बसलो.

"पुढच्या खेपेला म्हणाली?" पांडूने विचारलं. "आई? तसंच म्हणाली?"

"तसंच."

"काका," तो म्हणाला, "तुमी एवढं केलं. मी काय देऊ हो तुमाला? काही तरी सांगा. काही तरी घ्यायलाच पायजे तुमी."

नलूने माझ्या हातातून फोन ओढून घेतला.

"काकू म्हणतोस ना मला?" ती म्हणाली. "मग गप बस."